रवा बाहेर का येत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज तिसरा दिवस. ससा पिंजऱ्यातून बाहेर यायला तयार नाही! दार सताड उघडं. समोर गाजर, कोथिंबीर, मेथीची जुडी — अख्खी मंडई मांडली. आणि हा आपला कोपऱ्यात बसून नाक हलवतोय.

ससा दानूचा. लेक आपली पुण्याला नोकरीला, आता दीड-दोन महिने ट्रेनिंगला बेंगळुरूला. रविवारी गाडीतून पिंजरा उतरवला आणि म्हणाली, "आई, पाडव्यापर्यंत सांभाळ गं. रवा लई शहाणा आहे." रवा! पांढरा म्हणून रवा. मी म्हटलं, एक दिवस मी त्याला उपमा म्हणून हाक मारणार बघ. तर रागावली.

"घरभर पळतो, पायात पायात येतो, जपून चाल हं," असं बजावून गेली. जपून कसली चालतेय! तो पिंजऱ्याबाहेर पाय काढेल तर ना.

ह्यांना विचारलं. "नवीन जागा आहे. येईल." ह्यांचं उत्तर ठरलेलं. दुकानात ज्वारी पडून राहिली तरी तेच — जाईल.

४ फेब्रुवारी, बुधवार

गाजर सुकून गेलं. आला नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पिंजरा हॉलमध्ये मधोमध ठेवलाय, माझ्या नव्या फरशीवर. घरातली सगळ्यात चांगली जागा दिली त्याला! सकाळ-संध्याकाळ पुसते मी ही फरशी. समोरच्या कस्तुराबाई कालच दारातून म्हणाल्या, "तोंड बघावं हो तुमच्या फरशीत." वरवर म्हटलं, कसलं काय. मनातून फुलले. इथं कशाला लपवू?

अठ्ठावीस वर्षं शहाबादी घासली मी. काळी, खडबडीत, सांध्या-सांध्यात मुंग्या. लग्न होऊन ह्या शुक्रवार पेठेत आले तेव्हापासून मागत होते — फरशी बदला, फरशी बदला. अव्वा, म्हणजे सासूबाई, दरवेळी म्हणायच्या, "इरली बिडु." राहू दे गं. अठ्ठावीस वर्षं राहू दे! शेवटी गेल्या दसऱ्याला झाली. सगळ्या घराला, फक्त अव्वांची मागची खोली सोडून. "माझी खोली तशीच असू दे," म्हणाल्या. असू दिली.

आणि दिवाळीपासून अव्वा खोलीतून बाहेर येईनात! जेवण आत. चहा आत. मोरी मागच्या अंगणात, तिकडं मागच्या दारानं जाता येतं, त्यामुळं अडायचं काही नाही. देवघर पुढं हॉलमध्ये, पण आम्ही लिंगायत, लिंग गळ्यातच असतं. खाटेवर बसायचं, तळहातावर घ्यायचं, पूजा करायची. देवघराकडं महिना-महिना फिरकल्या नाहीत तरी पूजा चुकली असं कुणी म्हणणार नाही. मीही नाही म्हटलं. मला एवढंच वाटलं — फरशी माझ्या मनासारखी झाली, म्हणून रुसल्यात.

तीन महिने रुसवा! संक्रांतीनंतर वळसंगला लेकीकडं निघून गेल्या. आणि आता हा दुसरा. ह्या घरात काय रुसून बसायचीच रीत पडलीय का?

८ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद, म्हणून हे वळसंगला जाऊन आले. आईला भेटून आले की तोंड उतरलेलं असतं. मी मुद्दाम काही विचारलं नाही. जेवताना स्वतःच म्हणाले, "अव्वा तिथं हिंडते-फिरते की. सकाळी एकटी देवळापर्यंत जाऊन येते."

झालं! माझ्या अंगाची आगच झाली. म्हणजे पाय चालतात. इथंच काय झालं होतं पायांना? तिथं देऊळ जवळ, इथं स्वतःच्या घरातलं देवघर लांब!

"हात मुरगळलाय तिचा. फडकं बांधलंय," हे म्हणाले.

"कशानं?"

"सांगितलं नाही. सिद्धाक्कानं पण विषय बदलला."

नणंदबाई विषय बदलणारच. मी म्हटलं, "अंगण सारवलं असेल. तिथं सारवायला होतं, इथं ताट उचलून ठेवायला होत नव्हतं."

ह्यांनी ताटातच हात धुतला. असं कधी करत नाहीत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

रव्याचं कारण शोधायचंच असं ठरवलं. घरातली भांडणं सुटत नाहीत, निदान हे तरी सुटू दे.

मांजर? गल्लीतला बोका खिडकीत बसतो. खिडकी लावली. — नाही आला.

फिनेलचा वास? दोन दिवस नुसत्या पाण्यानं पुसली. जिवावर आलं, पण पुसली. — नाही.

देवघरातली घंटा? आज घंटा न वाजवता आरती केली. ह्यांनी वळून बघितलं माझ्याकडं. — नाही.

टीव्ही बंद. पंखा बंद. पिंजरा हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून जिन्याखाली. जिथं ठेवावा तिथं तसाच! एकदा मात्र पुढचे दोन पाय बाहेर काढले. फरशीवर टेकवले. लगेच आत ओढून घेतले. अगदी पाण्याला हात लावून बघतात तसं. मी म्हटलं, नखरे तरी किती!

जनावरांच्या डॉक्टरांकडं नेला. दात बघितले, पोट दाबलं, कान बघितले. "ठणठणीत आहे." मग? "वेळ द्या." हे पण ह्यांच्यातलेच.

दानूचा फोन. "आई, कशाला तरी घाबरलाय गं तो." कशाला घाबरतोय, राजवाडा दिलाय! तर म्हणते, "तू ओरडू नको त्याच्यावर. तुझा आवाज चढतो आणि तुला कळत नाही."

मी ओरडतच नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज ओरडले.

आणि नुसती ओरडले नाही. हात घालून धरला, ओढून बाहेर काढला आणि फरशीच्या मधोमध ठेवला. म्हटलं, चाल आता! चार पाय चार दिशांना. पोटावरच पसरला. उठायला गेला, मागचे पाय सटकले. परत उठला, परत आडवा. मला आधी हसू आलं. खरंच हसले मी. मग त्यानं कशीतरी धडपड करत भिंत गाठली, नाक आपटलं, आणि तिथंच थरथरत मुतला.

मी आधी काय बघितलं असेल? फरशीवर ओरखडा पडला का ते! वाकून, बोट फिरवून बघितलं. मग सशाकडं गेले.

आता पिंजऱ्यात पाठ करून बसलाय. मेथी पण नको म्हणतो.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

उपवास. घर कसं शांत शांत. शिवरात्रीला अव्वा दिवसभर वचनं गुणगुणायच्या, कन्नडमध्ये. मला अर्धीच कळायची. आज त्यांच्या खोलीत कोळ्यानं जाळं केलंय.

हे सकाळीच वळसंगला गेले. "येतेस का?" म्हणाले. मी म्हटलं, डोकं दुखतंय. डोकं काही दुखत नव्हतं. यात्रेच्या दिवसाचं मला अजून गिळता येत नाही.

संक्रांतीच्या यात्रेला गल्लीच्या तोंडावर नंदीध्वज, देवाच्या उंच काठ्या, येतात. अठ्ठावीस वर्षांत अव्वा एकदाही चुकल्या नव्हत्या. पांढरं लुगडं, हातात आरतीचं ताट, सगळ्यांच्या आधी कट्ट्यावर. न्युमोनिया झाला होता त्या वर्षीसुद्धा! ह्या संक्रांतीला मात्र नाहीत. वाजंत्री जवळ आली, "हर्र बोला हर्र" सुरू झालं, मी कट्ट्यावर ताट घेऊन उभी. वळून आत हाक मारली, "अव्वा, नंदीध्वज आले हो! येताय ना?" उत्तर नाही. बायका बघायला लागल्या — सासू कुठाय, सासू कुठाय. मी लाजेनं अर्धी झाले. तेवढ्यात आत काहीतरी धप्पकन पडलं. पाट असेल. मनात म्हटलं, आपटताहेत, आपटू देत. मागं वळूनही बघितलं नाही. आरती केली, अक्षता टाकल्या, पुढचं बघितलं.

देवावर कसला राग काढायचा? माझ्यावर काढा ना.

आणि त्या दिवसापासून ताटातली भाकरी तशीच परत. आमटी-भात संपायचा, भाकरीला हात नाही. माझी भाकरी कशी पातळ, कडक, दोन दिवस राहते. त्यांनीच शिकवलेली. ती तेवढी नको! चार दिवस असं चाललं आणि पाचव्या दिवशी ह्यांना म्हणाल्या, बसू, मला सिद्धीकडं सोड. पदर अंगभर गुंडाळून घेतला आणि रिक्षात बसल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "येते गं दाक्षी." मी "हं" म्हटलं. नुसतं हं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

रव्यानं दोन दिवसांत मूठभर कोथिंबीर खाल्ली, एवढंच. कस्तुराबाई म्हणाल्या, सशाला लसूणघास लागतो, गोजाबाईला सांगा. शेरडं राखते ती, लांबून येते, दारोदार घास आणि शेळीचं दूध घालते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दानूला खोटं सांगितलं. "खातो की छान." पहिल्यांदाच खोटं बोलले तिच्याशी. तो मेलाबिला तर तिला काय तोंड दाखवू?

२१ फेब्रुवारी, शनिवार

आजचं आजच लिहिते.

गोजाबाई आल्या सकाळी. डोक्यावर घासाचा भारा, उंबऱ्याबाहेर उतरवला. दोनदा आल्यात आधी, आत कधी येत नाहीत. मी म्हटलं, "आत या की ओ, चहा घ्या."

"नगं बाई. हितंच बरं हाय."

पाय मातीचे म्हणून लाजत असतील असं वाटायचं मला. मनातल्या मनात बरंही वाटायचं — फरशी वाचली.

घास घातला, रवा दोन काड्या ओढून परत कोपऱ्यात. गोजाबाई उंबऱ्याबाहेर उकिडव्या बसून बघत होत्या. मी सगळी रडकथा सांगितली — बोका, घंटा, डॉक्टर. ओढून बाहेर काढलेलं पण सांगितलं. कसं कोण जाणे, सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "त्येचं तळपाय बगितलं का तुमी?"

"का?"

"मांजराला गाद्या असत्यात पायाला. ह्येला न्हाइत. नुस्ती केसं. ते घसरतंय ओ बाई! शेरडू बी असल्या फरशीवर आनलं की चारी पाय गोळा करून हुबं ऱ्हातंय. वडलं तरी हलत न्हाय. मानसं म्हनत्यात, हट्टी हाय. हट्टी कुटलं? पडायचं भ्या वाटतं त्येला."

मी रव्याच्या पायांकडं बघितलं.

गोजाबाई हसल्या. "म्या तरी कुटं येती आत? तुमी इतक्यांदा बलावलं. पर ह्या वयात घसरलं आन् हाड मोडलं, मंग माजी शेरडं कोन वळायचं? म्हाताऱ्या मानसाला ही फरशी म्हंजी निस्ता काळ की." भारा उचलता उचलता म्हणाल्या, "गोनपाट टाका एक. लई सोपं हाय."

गोणपाटाला काय तोटा! धान्याचं दुकान आपलं. माळ्यावरून एक काढलं, झटकलं, पिंजऱ्यापुढं अंथरलं. चहाला उकळी यायच्या आत रवा बाहेर! कान ताठ. एक उडी, दुसरी उडी, गोल फेरी. वीस दिवसांत पहिल्यांदा त्याला पळताना बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, टाळी वाजवली मी एकटीनं.

पळत पळत तो गोणपाटाच्या कडेला आला आणि थांबला. पुढचे पाय अगदी काठावर. तिथून पुढं फरशी. मान लांब करून बघितलं. आणि मागं फिरला.

अव्वा अश्शाच उभ्या राहायच्या. अगदी अशाच. खोलीच्या उंबऱ्यात, चौकटीला धरून. पाय आत, शहाबादीवर. मान बाहेर. हॉलकडं बघायच्या, देवघराकडं बघायच्या आणि आत वळायच्या. मी दानूला फोनवर म्हणायचे, "तुझी आजी पहारा करते माझ्यावर."

चहा उतू गेला.

२२ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हे वळसंगला निघाले तेव्हा तोंडाशी आलं होतं — मी पण येते. नाही म्हटलं. काय तोंडानं जाऊ?

चपलांचं आठवलं म्हणून. ते इथं लिहिलंच नव्हतं कधी. दिवाळीच्या पाडव्याला माझ्या माहेरचे सगळे जेवायला आले होते. फरशी बघायलाच बोलावलं होतं मी त्यांना, दुसरं काय! भाऊ, भावजया, हॉल भरलेला. आणि अव्वा खोलीतून बाहेर आल्या, त्या चपला घालून! रबरी, निळ्या पट्ट्याच्या. देवघरासमोरून! एकेक पाऊल टाकत, थाटात — मला तेव्हा तो थाट वाटला.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मी चुकून चपला घालून माजघरात आले होते. अव्वांनी नणंदेसमोर सगळं घर धुवायला लावलं होतं मला. रडत रडत धुतलं. ते मी विसरले नव्हते. एक दिवस विसरले नव्हते!

म्हटलं, "अव्वा, देवघरासमोर चपला? तुम्हीच शिकवलंत ना मला?" सगळ्यांसमोर. मग वाकले, "काढा," म्हटलं, आणि दोन बोटांनी उचलून बाहेर नेऊन ठेवल्या. अव्वा हॉलच्या मधोमध अनवाणी. भिंत धरून, भिंत धरून खोलीत गेल्या. भावजय म्हणाली, काय नाटकी आहे गं म्हातारी.

खरं लिहिते. मला तेव्हा बरं वाटलं. जेवण दोन घास जास्त गेलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

चपला सापडल्या. बाहेरच्या स्टँडवर, अगदी खालच्या फळीवर, मागं. मीच ठेवलेल्या. धूळ बसलेली. उलट्या करून बघितल्या.

तळव्याला सुतळी गुंडाळलीय. दोन्हींना. आडवी-आडवी, जवळ-जवळ, आणि शेवटी गाठ. ह्यांच्या दुकानातली पोती शिवायची सुतळी. एकोणऐंशी वर्षांच्या बाईनं खाटेवर बसून, चष्मा लावून गुंडाळली असणार. घसरू नये म्हणून. पाहुणे आलेत, बाहेर जायला पाहिजे म्हणून!

तेव्हा उचलल्या मी. हातात होत्या माझ्या. एकदा उलट्या केल्या असत्या तर!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांना सांगितलं. चपला दाखवल्या. कितीतरी वेळ सुतळीवरनं अंगठा फिरवत बसले. म्हणाले, "मला का नाही कळलं?"

मला वाटलं होतं, माझ्यावर रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

१ मार्च, रविवार

आज वळसंगला जाऊन ह्यांनी तिथून फोन लावून दिला. मी चार दिवस वाक्यं पाठ करत होते. अव्वा, चुकलं माझं. अव्वा, माफ करा. फोनवर त्यांचा "हां, दाक्षी?" आला आणि सगळं विसरले.

म्हटलं, "अव्वा, चपला सापडल्या तुमच्या."

म्हणाल्या, "टाकून दे त्या. चुकलंच ते माझं. देवघर होतं समोर."

माझं चुकलं म्हणायला मी फोन केला होता!

"तुम्ही बोलला का नाहीत? फरशी घसरते म्हणून एकदा बोलायचं की."

"बोलले असते तर माझ्या बसूनं दुसऱ्या दिवशी उखडून टाकली असती. तू किती वर्षं मागत होतीस ती. मीच नको नको म्हणत आले. आता झालीय तर पुन्हा मीच मोडता घालू का?"

"अव्वा, मी गोणपाट टाकलंय…"

"कशाला झाकलीस गं! छान दिसते. खरंच छान दिसते. मी दारातून बघायची."

मला रडू फुटलं. त्यांनी ऐकलं असणार. "बेडा, बेडा," म्हणाल्या. नको गं, नको. लहानपणी दानूला म्हणायच्या तसं. मी म्हटलं, पाडव्याला या. दानू पण येणार आहे. "बघू," म्हणाल्या आणि फोन ह्यांच्याकडं दिला.

माफ करा राहिलंच.

५ मार्च, गुरुवार

दाभण आणि सुतळी घेऊन बसले. अव्वांच्या खोलीच्या उंबऱ्यापासून देवघर, देवघरापासून पुढचं दार, दारापासून कट्टा. सात गोणपाटं लागणार. कडा दुमडून शिवायच्या, नाहीतर पाय अडकेल. दाभण बोटात घुसलं दोनदा. घुसू दे.

रवा हॉलभर पळतोय. मी शिवते तेवढी त्याची हद्द वाढते. कालच्यापेक्षा आज हातभर पुढं.

९ मार्च, सोमवार

कस्तुराबाई आल्या. "अगंबाई! एवढ्या चांगल्या फरशीवर पोती काय पसरलीत? धान्याचं गोदाम वाटतंय हो!"

लागलं मला. खोटं कशाला बोलू, टोचलंच. अठ्ठावीस वर्षांनी मिळालेली फरशी, पाच महिने मिरवली. पण म्हटलं, "आमच्या अव्वा येणार आहेत."

"त्यांच्यासाठी होय! मला वाटलं सशासाठी."

दोघांसाठी.

१३ मार्च, शुक्रवार

बाकी सगळं कळलं मला. देवघर कळलं, उंबऱ्यातलं उभं राहणं कळलं, वळसंगला का हिंडतात तेही कळलं, तिथं सगळी जुनी खडबडीत फरशी. यात्रेला बाहेर का आल्या नाहीत तेही कळलं, भ्यायल्या असतील. एक भाकरीचं तेवढं कळत नाही. भाकरी का परत यायची?

रागच असेल. असू दे. तेवढा हक्क आहे त्यांचा.

१५ मार्च, रविवार

हे सांगत आले — येते म्हणाली! पाडव्याला सकाळी आणायला जायचंय. मी अव्वांची खोली झाडली, जाळी काढली, रजया उन्हात टाकल्या. त्यांच्या चपला धुतल्या. जुनी सुतळी कुजायला लागली होती, कापून नवी गुंडाळली. त्यांच्यासारखी जवळ-जवळ जमत नाही. तीनदा उकलून परत केली.

रवा गोणपाटावरून थेट त्यांच्या खोलीत जाऊन आला. शहाबादीवर तर काय उड्या! फरशी ती, जी मी अठ्ठावीस वर्षं शिव्या देत घासली.

१८ मार्च, बुधवार

दानू आली. रवा धावत तिच्या पायाशी. म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं? घाबरला होता फक्त." मग गोणपाटाची वाट बघितली तिनं, कट्ट्यापर्यंत. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

उद्या म्हणायचंच. उंबऱ्यातच म्हणायचं, आत येऊ द्यायच्या आधी. चुकलं माझं, माफ करा. एवढंच तर आहे.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

अव्वा आल्या.

चपला मी उंबऱ्याच्या आत ठेवल्या होत्या. म्हटलं, घाला, देव काही म्हणत नाही. त्यांनी पायानं बाजूला सारल्या, अनवाणीच गोणपाटावर पाऊल ठेवलं आणि आधाराला हात पुढं केला. डावा. उजवा पदराखाली.

मी पदर बाजूला केला. मनगट वाकडं जुळलंय. मूठ वळत नाही.

"कधी पडलात अव्वा?"

"नंदीध्वज आले तेव्हा," म्हणाल्या. "तू हाक मारलीस की. येत होते."